अळणी पान

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. मार्गशीर्षाचे दिवस, पण थंडी कुठं दडी मारून बसली होती कोण जाणे. वारा साफ पडलेला. मठापुढच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. धड ऊन नाही, धड पाऊस नाही, नुसतं आभाळ खाली उतरून आलेलं, अन् बसल्या जागी अंगाला घाम सुटत होता.

"मग देता ना आज्ञा, बाबा?"

गोरखनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

जानूबाबा ओट्यावर बसून ओल्या फडक्यानं पत्रावळी पुसत होते. भंडाऱ्याचा दिवस. दुपारपर्यंत दीडशे पान उठायचं होतं. त्यांनी पुसलेली पत्रावळ डावीकडं ठेवली, उजवीकडची उचलली.

"कसली म्हणालास?"

"मठाबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी. माझं मौन पुरं होईस्तोवर. तुम्ही आक्काला एवढंच सांगा."

"मी सांगू?"

"गुरूची आज्ञा म्हटल्यावर ती काही बोलायची नाही."

बाबांनी पत्रावळीतली सुटलेली काडी नीट खोचली.

जानूबाबा ऐंशीच्या घरातले. उमेदीत घोंगड्या विणायचे. पुढं डोंगराच्या पायथ्याच्या या मठात आले अन् इथलेच झाले. गोरख पस्तिशीचा. अकरा महिन्यांपूर्वी एक पिशवी घेऊन मठात आला, अन् आल्या दिवसापासून त्यानं मौन धरलं. बोलायचं ते फक्त बाबांशी, तेही जवळ कुणी नसताना. गावानं आठ दिवसांत त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. म्हातारीकोतारी माणसं त्याच्या पाया पडू लागली. कुणी वाकलं, की गोरख डोळे गच्च मिटून घ्यायचा. लोकांना वाटायचं, तंद्री लागली.

खरं काय ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

चार माणसांनी एकदम त्याच्याकडं पाहिलं, की त्याच्या घशाला कोरड पडायची. कान तापायचे. पोटात पीळ पडायचा, अन् मग हात कापायला लागायचे. हात कापतायत हे लोकांना दिसणार, या धास्तीनं ते आणखी कापायचे. लहानपणापासूनचं दुखणं हे. आपलं मन ढिलं आहे, ते आवळलं पाहिजे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणून पहाटे गार पाण्यानं अंघोळ. म्हणून एका बैठकीला तीन तीन तास. चातुर्मासात मीठ सोडलं. अन् मौन. मौन तर सगळ्यांत सोयीचं पडलं.

आज सकाळी त्याची थोरली बहीण, चांगुणाआक्का, आली होती. धाकट्या लेकीच्या, शेवंतीच्या, लग्नाच्या अक्षता घेऊन. लग्न शुक्रवारी. नवरीला हाताला धरून मामानं मांडवात आणायचं, अंतरपाट धरला की मामानं तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही रीत. अन् शेवंतीला मामा एकच.

थोरलीच्या लग्नात काय झालं ते आक्का विसरली नव्हती. मांडवात पाचशे माणूस. भोंग्यावरून पुकारा झाला, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. एकदा पुकारलं. दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मामा मांडवामागच्या उसात उकिडवा बसला होता, दोन्ही कानांवर हात ठेवून. शेवटी आक्काच्या दिराचा मेहुणा पुढं झाला. माणसं हसली. आक्का तेव्हा एक अक्षर बोलली नाही.

आज मात्र ती बाबांच्या देखत स्वच्छ बोलली. यायचं असेल तर येतो म्हण. नसेल तर नाही म्हण, मी दुसरं माणूस बघते, राग धरणार नाही. पण तसं तीनदा पुकारलेलं मी पुन्हा ऐकायची नाही. चारची गाडी आहे, तोवर मी इथंच आहे.

गोरखनं ओठांवर बोट ठेवून मौनाची खूण केली होती.

"मान हलवायला काय बोलावं लागतं का?" असं म्हणून आक्का पदर खोचून सैपाकाकडं गेली होती. भंडाऱ्याला आलेली बाई रिकामी कशी बसेल.

बाबांनी आणखी एक पत्रावळ पुसली.

"मनावर ताबा आलाय का तुझा?"

"आलाय की. डास चावला तरी मी हलत नाही. चार महिने अळणी जेवलो, बाबा. मिठाचा कण जिभेवर ठेवला नाही."

"हं."

"अकरा महिने गावाशी शब्द नाही."

"हं."

"एवढा ताबा इथं दुसऱ्या कुणाचा असेल?"

"मग मांडवात उभं राहायला काय होतं?"

…

गोरख पत्रावळींच्या चवडीकडं बघत राहिला.

"तिथं माणसं असतात," तो हळूच म्हणाला.

बाबा हसले नाहीत. फडकं पिळून त्यांनी काठीवर वाळत टाकलं.

"बरं. आज मीठ तू वाढ."

"मी?"

"मीठ वाढ. जेवणं उरकली की आज्ञेचं बघू."

आता मीठ वाढणं म्हणजे बाहेरच्या माणसाला काहीच वाटायचं नाही. पण या मठाची रीत निराळी. इथं अन्न अळणी शिजवतात. वरण अळणी, भाजी अळणी, भात तर अळणीच. मीठ पानावर वाढायचं, अन् ज्यानं त्यानं आपल्या चवीनं कालवून घ्यायचं. असं का, ते कुणालाच सांगता येत नाही, पण पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. रोजच्या जेवणातही तेच. बाबा अन् गोरख शेजारी शेजारी बसायचे, अन् दोन पानांच्या मधे मिठाची वाटी.

म्हणून भंडाऱ्याला सगळ्यांत आधी मीठवाल्याची वाट बघतात. पानं मांडलेली असतात, त्यांवर अजून काही पडलेलं नसतं. माणसं मांडी घालून बसलेली असतात, हाताला काम नसतं, तोंडाला घास नसतो. बघायला काही नसतं, म्हणून सगळे मीठवाल्याकडं बघतात.

आजवरच्या भंडाऱ्यांत गोरखनं चुलीमागं बसून लाकडं सारली होती. धुरात कुणी कुणाचं तोंड बघत नाही.

मीठ वाढायची त्यानं तयारी केली ती लढाईला निघाल्यासारखी. आधी विहिरीवर जाऊन पाच बादल्या पाणी डोक्यावर घेतलं. मग शंभर श्वास मोजले. मनाशी पक्कं केलं, की वर बघायचं नाही, पान तेवढं बघायचं. डाव्या हातात वाटी घट्ट धरायची. उजवा हात कापू द्यायचा नाही, चिमूट आवळून धरायची. झरझर जायचं अन् संपवून टाकायचं.

बाप्यांची पंगत बसली. सत्तर-ऐंशी पान, दोन ओळी. गोरख वाटी घेऊन आला, तशी कुजबुज उठली. आज मौनीबाबा वाढणार म्हणून माणसं सरसावून बसली. एकानं हात जोडले.

गोरखनं नजर पानावर रोवली.

पहिलं पान. चिमूट खाली नेली, वर घेतली. दुसरं पान. तिसरं. कान तापत चाललेले, पाठीवर घामाची धार. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला, तरी त्यानं पापणी हलवली नाही. हात कापत नव्हता. हात दगडासारखा झाला होता. चौथं, पाचवं, सातवं. आपण जिंकलो असं त्याला वाटायला लागलं.

तेवढ्यात मागून बबन घुल्याचा आवाज आला. हा बबन चहाच्या हॉटेलवर बसणारा, कुणाची खोडी काढल्याशिवाय त्याला भाकरी गोड लागत नाही.

"मौनीबाबा, मीठ दाखवून नेताय व्हय?"

पंगतीत खसखस पिकली.

गोरखनं न राहवून मागं पाहिलं. सात पानं कोरी होती. एकाही पानावर मिठाचा कण पडला नव्हता. घामानं भिजलेल्या चिमटीत मीठ जे चिकटलं ते चिकटलंच. तो नुसता हात खाली नेत होता अन् वर आणत होता.

"इकडं बी नाही पडलं," कुणीतरी म्हणालं. "मीठ आणा हो," दुसरं कुणी. वाढपी वरणाची बादली घेऊन मागं खोळंबले. दोन्ही ओळींतल्या माना गोरखकडं वळल्या. अन् मग त्याचा डावा हात असा कापायला लागला, की वाटी ठणकन खाली पडली.

पुढं काय झालं ते त्याला कळलं नाही. तो मठामागं कडब्याच्या गंजीला पाठ टेकून बसला होता, अन् त्याला श्वास पुरत नव्हता. अंगणातून आक्काचा आवाज येत होता. तिनं वाटी उचलून, धुऊन, भरून घेतली होती. घ्या दादा, घ्या मामा, म्हणत ती मीठ वाढत होती.

दोन पंगती उठल्या. बायकांच्या पंगतीत आक्का घासभर खाऊन उठली अन् पुन्हा वाटी हातात घेतली. गोरख बसल्या जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळानं काठीचा आवाज आला. बाबा गंजीला वळसा घालून आले अन् त्याच्या शेजारी, दमानं, गुडघ्यावर हात ठेवत खाली बसले.

"सगळ्यांनी पाहिलं, बाबा."

"काय पाहिलं?"

"मला."

"कुणी कुणी?"

"सगळ्यांनी."

"पहिल्या पानावर कोण होतं?"

गोरख आठवायला लागला. त्याला पान आठवलं. पानाच्या कडेला एक काडी बाहेर आली होती, ती आठवली. पानामागचे दोन गुडघे आठवले.

"ठाऊक नाही."

"तुझ्या पाया पडतो रोज. म्हातारा गणू."

…

"शेवटच्या पानावर कोण होतं?"

"तिथवर गेलोच नाही."

पलीकडं बांधलेल्या मठाच्या गाईनं शेपटी झाडली.

"मूठ उघड," ते म्हणाले.

गोरखला तेव्हा कळलं, की आपली उजवी मूठ अजून आवळलेलीच आहे. उघडताना बोटं दुखली. तळहातावर मिठाचा गोळा झाला होता, ओला, बोटांचे वळ उमटलेला.

"एवढं घट्ट का धरलंस?"

"हात कापू नये म्हणून."

"अन् कापला असता तर?"

"लोकांना दिसलं असतं."

"अन् मीठ?"

गोरख तळहाताकडं बघत राहिला.

"…पडलं असतं," तो शेवटी म्हणाला.

बाबांनी त्याच्या हातावरचा तो गोळा नखानं सुटा केला, अन् गाईच्या पुढ्यात टाकला. गाईनं तो जिभेनं चाटून घेतला.

"आज्ञा द्या, बाबा. आता तरी द्या. तुम्ही पाहिलंत. मी पाचशे माणसांत उभा राहिलो तर काय होईल? आक्काची पुन्हा शोभा होईल. मला आणखी दोन वर्षं मौन द्या. मी आणखी आवळतो."

"भूक लागली," बाबा म्हणाले. "चल. वाढप्यांची पंगत बसली."

"मला नको."

"मला हात दे उठायला."

गोरखनं हात दिला, अन् दिलेला हात बाबांनी अंगणापर्यंत सोडला नाही.

वाढप्यांची पंगत म्हणजे दहा-बारा माणसं. पण जेवून उठलेलं गाव अजून हललं नव्हतं. लिंबाखाली, ओट्यावर, भिंतीच्या कडेला, जिथं तिथं माणसं पानसुपारी खात बसलेली. बाबा आले तसं बोलणं थोडं थांबलं. मागून मौनीबाबा आले तसं ते पुरतंच थांबलं. गोरखनं मान खाली घातली ती वर केली नाही. टोकाला बाबांचं पान होतं, त्याला लागून गोरखचं.

भात पडला, वरण पडलं, वांग्याची भाजी पडली, लापशी पडली. घरचीच पंगत, म्हणून मीठ मागाहून; आक्का पंगतीच्या पलीकडच्या टोकाकडून ते वाढत येत होती. दोन पानं राहिली असताना तिला माहेरची कोणी ओळखीची भेटली, अन् ती वाटी हातात धरून, पाठमोरी होऊन, अंगणाच्या दुसऱ्या कडेला बोलत उभी राहिली.

बाबा पंगतीला असले, की त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगत जेवत नसे. सगळ्यांनी भात कालवून ठेवला, अन् सगळे थांबले.

बाबांनी पानाला हात लावला नाही.

"मीठ नाही पडलं," ते पुटपुटले.

गोरखनं आक्काच्या दिशेनं हात वर केला. तिची पाठ होती. त्यानं खाकरून पाहिलं. लिंबाखालच्या दोघांनी वळून पाहिलं, अन् त्याची मान पुन्हा खाली गेली.

"हाक मार की," बाबा म्हणाले.

"माझं मौन आहे," गोरख ओठातल्या ओठात म्हणाला.

"बरं. मग बसू."

बसले. भाताची वाफ निवत चालली. पंगतीतल्या कुणीतरी चुळबुळ केली. एक जण दुसऱ्याच्या कानात बोलला. गोरखला वाटलं, आता सगळ्यांच्या लक्षात येतंय. बाबा जेवत नाहीत, बाबांच्या शेजारी मी आहे, म्हणजे माझ्यामुळंच.

"तुम्ही मारा हाक, बाबा," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "तुम्हाला काय."

"एवढ्या माणसांत?" बाबा म्हणाले. "मी कशी मारू?"

गोरखनं त्यांच्याकडं पाहिलं. बाबांचा हात गुडघ्यावर होता, अन् तो कापत होता. म्हातारपणाचं असेल. पण अकरा महिन्यांत त्यानं तो हात कधी नीट पाहिलाच नव्हता. शिरा वर आलेल्या, बोटं सुतासारखी बारीक, अन् वरचेवर बारीकसा कंप. बाबांनी तो लपवलाही नव्हता अन् धरलाही नव्हता.

म्हातारा सकाळपासून उपाशी होता. वरणावर साय धरायला लागली होती.

"आक्का…"

आवाज नीट फुटलाच नाही. घोगरा, फाटका, आपलाच आपल्याला ओळखू न येणारा. त्यानं पुन्हा छाती भरून घेतली.

"आक्का, मीठ."

सगळं अंगण गप्प झालं.

मग ओट्यावरून बबन घुले म्हणाला, "घ्या. चिमूटभर मिठापायी अकरा महिने पाण्यात गेले की."

माणसं हसली. म्हातारा गणूसुद्धा हसला. गोरखचे कान तापले, दोन्ही हात लटालटा कापायला लागले. ते मांडीखाली दडवावे असं त्याच्या मनात आलं. पण आक्का तोवर वळली होती, अन् ती त्याच्याकडं अशी बघत होती, की हात दडवायचे राहून गेले. आभाळ होतं तिथंच होतं. लिंब होता तिथंच होता. हसून झाल्यावर बबननं तंबाखू मळायला घेतली.

आक्का अंगण ओलांडून आली. गोरखच्या पानापुढं वाकली, चिमूट भरली. तिची बोटं थरथरत होती, अन् मीठ पानावर भुरभुर पडलं.

"बारा पस्तीसचा मुहूर्त आहे," ती म्हणाली.

"हात कापतील माझे, आक्का. सगळ्यांच्या देखत."

"कापू दे. शेवंतीचे बी कापतायत. कालपासून भाकरी थापता येईना पोरीला." तिनं पदरानं नाक पुसलं. "तू नुसता धर तिला."

…

"येतो," गोरख म्हणाला.

ती बाबांच्या पानाकडं वळली, चिमूट भरली. बाबांनी पानावर हात आडवा धरला.

"मला नको, माय."

आक्का थबकली. गोरखनं चमकून वर पाहिलं.

"तुमच्यासाठीच तर मागितलं, बाबा."

बाबांनी निवालेलं वरण भातात कालवलं. पहिला घास घेतला, तशी पंगत जेवायला लागली. घास सावकाश चावून झाल्यावर ते त्याच्याकडं झुकले.

"मीठ सोडून मला चाळीस वर्षं झाली, गोरखा… अन् तू अकरा महिने माझ्या शेजारीच जेवतोस की."